पीप साइट घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, वर्षभर दहा मीटर एअर रायफल ओपन साइटवर, म्हणजे मागची खाच आणि पुढचे टोक जुळवून नेम धरत, खेळते. शालेय स्पर्धांत ४० शॉटमध्ये ४०० पैकी ३३० च्या आसपास येऊन अडकली आहे. एक जण म्हणतो पीप साइट, म्हणजे बारीक गोल भोकातून पाहायची मागची साइट, घेऊन टाका, दुसरा म्हणतो दुर्बीण लावून सराव करू दे, नेम पक्का होईल. मुलीला उणे सव्वाचा चष्मा आहे. घरी सराव कसा घ्यायचा हेही त्यांना हवे आहे आणि तीन आठवड्यांवर जिल्हा स्पर्धा आहे.

दुर्बिणीचे आधी निकालात काढते. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, दहा मीटरलाही नाही आणि पन्नासलाही नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून) विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून) कांस्य जिंकले. ही दोन्ही पदके मागे बारीक भोक आणि पुढे रिंग, एवढ्यावरच आली. सरावापुरती दुर्बीण लावण्यातला तोटा वेगळाच आहे. नळीची थरथर ती मोठी करून दाखवते. पोर घाबरते आणि काळा ठिपका मधोमध आला रे आला की ट्रिगर हिसकते. ही सवय लागायला आठवडा पुरतो, सुटायला वर्ष जाते. माझ्या कपाटात एक दुर्बीण आहे, पण ती फक्त रायफल टेबलावर ठेवून छर्रे तपासायला.

आता पीप. पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या, तिला एक पैसा लागत नाही. टेबलावर घट्ट भरलेली वाळूची पिशवी ठेवा, मुलीला खुर्चीवर बसवा, पुढचा हात पिशवीवर आणि त्या हातावर रायफल. आहे त्याच ओपन साइटने, घाई न करता, एकाच टार्गेटवर दहा शॉट मारू दे. मग उभे राहून दुसऱ्या टार्गेटवर दहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. बसून मारलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो आणि उभ्याने मारलेला वाटीभर पसरलाय, तर अडचण साइटची नाही. पीप लावलीत तरी वाटीची फार तर छोटी वाटी होईल. पण बसूनही ग्रुप पसरलेलाच असेल तर दोष डोळा, साइट, रायफल किंवा छर्रा यांपैकी कशाततरी आहे, आणि तिथे पीपचा खरा उपयोग होतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले पहिल्या प्रकारातली असतात. बहुतेक पालक मात्र दुसऱ्या प्रकारातले आहोत असे समजून बाजारात निघालेले असतात!

पीपने नेमके काय बदलते ते सांगते. ओपन साइटमध्ये डोळ्याला तीन वस्तू सांभाळाव्या लागतात: मागची खाच, पुढचे टोक आणि टार्गेट. तीनही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकच नीट पाहतो. खाच आणि टोक यांच्यात ४५ सेंटिमीटर अंतर धरा. टोक खाचेत एक दशांश मिलिमीटरने जरी एका बाजूला सरकले, तरी दहा मीटरवर छर्रा सव्वादोन मिलिमीटर बाजूला जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमधले अंतर अडीच मिलिमीटर असते. म्हणजे केसाएवढ्या चुकीला जवळपास एक गुण. गंमत अशी की टोक खाचेत बरोबर असेल आणि सगळी रायफलच दोन मिलिमीटर बाजूला हलली असेल, तर छर्राही दोनच मिलिमीटर जातो. त्यामुळे हात हलण्यापेक्षा साइट बिघडणे महाग पडते. मुले नेमके उलट समजतात.

पीपमध्ये मागच्या खाचेचे काम संपते. बारीक गोल भोकातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि भोक बारीक असल्यामुळे जवळचे-लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. शिवाय मागची साइट डोळ्याजवळ येते, दोन साइटमधले अंतर वाढते, त्यामुळे तीच चूक कमी भोवते. मला तिचा सर्वांत आवडणारा गुण मात्र दुसरा आहे. पीप चहाडी करते. गाल जरा वर-खाली बसला की भोकाच्या कडेला चंद्रकोरीसारखी सावली येते. ओपन साइटवर तोच गाल महिनोन्महिने चुकीचा बसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

घ्यायचेच ठरले तर नवी-जुनी असा सोवळेपणा नको. चांगल्या कंपनीची जुनी पीप ही स्वस्त नव्या पीपपेक्षा केव्हाही बरी, कारण स्वस्त साइटच्या नॉबमध्ये, म्हणजे साइट वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या चाकात, खेळ असतो. तो असा पकडा: रायफल पिशवीवर ठेवून तीन शॉट मारा, मग २० क्लिक (नॉबचा एकेक टप्पा) वर, तीन शॉट, २० उजवीकडे, तीन शॉट, २० खाली, तीन शॉट, २० डावीकडे, पुन्हा तीन. शेवटचे तीन पहिल्या तिघांवर येऊन बसले पाहिजेत. चौकोन मिटला नाही तर साइट परत द्या, विक्रेता काहीही सांगो. तुमची रायफल स्प्रिंगची असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. तिचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो आणि साइट रायफलवरच्या तिच्या पट्टीवरून हळूहळू सरकते. पकड घट्ट हवी, आणि साइटच्या मागे अडसर असेल तर उत्तमच. मी बसवताना साइट आणि पट्टी यांच्यावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारते. रेघ तुटलेली दिसली की समजायचे.

पुढच्या साइटचा विचार न करता नुसती मागे पीप लावणारे खूप भेटतात. पुढे नळकांडे आणि त्यात गोल रिंग हवी, तरच गोलात गोल, गोलात गोल असे चित्र जमते. रिंग केवढी घ्यायची? थोडे गणित करू. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. पुढची साइट डोळ्यापासून साधारण ९५ सेंटिमीटरवर. मग दहा मीटरवरचा तो काळा गोल पुढच्या साइटपाशी जेमतेम २.९ मिलिमीटरचा दिसतो. ३.२ ची रिंग लावली तर काळ्याभोवती पांढऱ्याची नुसती कड उरते. ते चित्र फार अचूक वाटते, आणि तिथेच फसगत होते. थोडे हलले की कड एका बाजूला नाहीशी होते, मुलगी ती परत आणायला धडपडते, श्वास कोंडते, शॉट लांबतो. नवशिक्याला मी ४.० च्या वरची रिंग देते, कधी ४.५ ची सुद्धा. पांढरे भरपूर दिसते, डोळा शांत राहतो. लहान रिंग म्हणजे जास्त गुण, असा समज रेंजवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तुम्ही तरी तो पुढे नेऊ नका.

मागच्या भोकाला आयरिस, म्हणजे भोक लहान-मोठे करायची सोय, असेल तर १.१-१.२ मिलिमीटरपासून सुरुवात करा. फार बारीक केली की चित्र काळवंडते, फार मोठी केली की टार्गेटची कड पसरते. आपल्याकडे एका जिल्ह्याची रेंज ट्यूबलाइटखाली असते, दुसऱ्या जिल्ह्यात हॉलच्या उघड्या खिडकीतून ऊन येते, तेव्हा आयरिस जागेवर जुळवावी लागणारच. फक्त ती मॅचआधीच्या सरावाच्या शॉटमध्ये जुळवा, मॅच सुरू झाल्यावर नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, डोके. साइट डोक्यापाशी यायला हवी, डोक्याने साइटला शोधत जायचे नाही. मुलीला रायफल खांद्याला लावू दे, डोळे मिटू दे, मान सैल सोडून गाल चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या गाल टेकवायच्या भागावर, टेकवू दे. मग डोळा उघडायचा. भोकाच्या मधोमध पुढची नळी दिसली तर ठीक. खालून सावली दिसली की मुले मान ताणून वर घेतात आणि साठ शॉटपर्यंत ती मान दगड होते. मान राहू दे जिथे आहे तिथे. चीकपीस वर-खाली करा, ते होत नसेल तर साइटखाली उंचीची पट्टी घाला. साइट आणि डोळा यांच्यात तीन-चार बोटांचे अंतर ठेवा. कपाळ कुठेही टेकता कामा नये.

चष्म्याबद्दल. उणे सव्वाचे मूल चष्मा काढून पुढची रिंग छान पाहते, कारण ती एका मीटरच्या आतच असते. म्हणून बरीच मुले रेंजवर चष्मा खिशात घालतात. मग टार्गेट धुरकट होते, काळ्याची कड कळत नाही. पूर्ण नंबरचा चष्मा घालूनच खेळू दे, या वयाचा डोळा जवळचे आपले आपण जुळवून घेतो. खरी भानगड फ्रेमची आहे. आमच्याकडे एक मुलगा होता, त्याचे शॉट दर रविवारी डावीकडे आणि बुधवारी बरोबर! दोन महिने आम्ही रायफल उघडून बसलो. शेवटी लक्षात आले की रविवारी तो क्रिकेट खेळून यायचा, चष्मा घामाने नाकावरून घसरलेला असायचा आणि तो भिंगाच्या कडेतून पाहायचा. भिंगाच्या मध्यातून पाहिले नाही की प्रतिमा सरकते. चष्म्याला मागून दोरी बांधा. पुढे खेळ गंभीर झाला तर नेमबाजीची फ्रेम घ्या, तिचे भिंग डोळ्यासमोर हवे तसे आणता येते. (चाळिशी उलटलेल्या वाचकांसाठी: लांबच्या नंबरात अधिक अर्धा मिळवून पाहा. डोळा दोन मीटरवर स्थिरावतो आणि रिंग व टार्गेट दोन्ही सोसण्याइतपत दिसतात.) दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यासमोर पांढरट, उजेड आत येऊ देणारी पट्टी लावायची. नियमाने ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. काळी पट्टी नको. एका डोळ्यापुढे अंधार केला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात.

साइट बसली, आता नॉब. माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट मॅच नॉबमुळे झाली. राज्य स्पर्धा, वय सतरा. चौथा शॉट उजवीकडे ८. मी दोन क्लिक डावीकडे दिले. पुढचा डावीकडे ९, एक क्लिक परत. मग खाली ८, दोन वर. विसाव्या शॉटपर्यंत मी रायफल कमी आणि नॉब जास्त वापरत होते. घरी येऊन पिशवीवर रायफल ठेवली तर ती जिथे नेम तिथे मारत नव्हती, पण ग्रुप इवलासा. रायफलने दिवसभर काही चूक केली नव्हती. चौथा शॉट मी हिसकला होता, आणि पुढचे सोळा त्याची भरपाई करण्यात गेले.

म्हणून माझ्या मुलांना एकच नियम आहे. शॉट सुटला की टार्गेटकडे किंवा स्क्रीनकडे पाहण्याआधी तोंडाने सांगायचे, कुठे गेला: 'तीनवर, ९', 'मध्ये', 'सातवर, वाईट'. आधी दिशा घड्याळातल्या आकड्यांप्रमाणे, मग गुण. मगच पाहायचे. सांगितलेले आणि दिसलेले जुळले तर चूक तिची होती, नॉबला हात नाही. 'मध्ये' म्हणाली आणि शॉट उजवीकडे, असे एकदा झाले तरीही हात नाही. पाच चांगल्या म्हटलेल्या शॉटचा ग्रुप एका बाजूला बसला, तर त्या ग्रुपचा मध्य काढून नॉब फिरवायचा. तिचा ग्रुप आत्ता दहा-बारा मिलिमीटरचा असेल तर एका शॉटवरून साइट हलवणे म्हणजे नुसता जुगार.

एक क्लिक किती सरकवतो ते प्रत्येक साइटचे वेगळे. पिशवीवरून पाच शॉट, मग वीस क्लिक, पुन्हा पाच. दोन मध्यांमधले अंतर मोजा, वीसने भागा, आकडा साइटच्या डबीवर लिहून ठेवा. दशांश गुणांत ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर, हे सोबत लक्षात ठेवले की क्लिकचा हिशेब तोंडपाठ होतो. आणि दिशा तपासून घ्या. काही जर्मन साइटवरचा बाण शॉट कुठे न्यायचा हे सांगत नाही, शॉट कुठे गेला हे सांगतो. शॉट उजवीकडे जात असेल तर 'आर' कडे फिरवायचे. हे माहीत नसल्यामुळे सरावाच्या शॉटमध्येच टार्गेटबाहेर गेलेली मुले मी पाहिली आहेत.

सरावात छर्रे जितके जास्त तितके चांगले असे नाही. आठवड्यात चार दिवस रेंज मिळत असेल तर एक दिवस तरी कोऱ्या कागदावर मारू दे. टार्गेट उलटे लावायचे, पांढरी बाजू पुढे. नेम धरायला काही नसते, मग लक्ष रिंगवर, श्वासावर आणि बोटावर जाते. वीस शॉट झाल्यावर कागद काढला की ग्रुप नेहमीपेक्षा लहान निघालेला पाहून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. उभे राहण्याची दिशा रोज तपासायची: नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास, डोळे उघडायचे. रिंग काळ्याच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. नेम धरल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. खाली घेणे ही हार नाही हे मुलांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. साठ शॉटच्या मॅचला ७५ मिनिटे असतात, दहा वेळा खाली घेतली तरी वेळ उरतो.

घरचा सराव छर्र्याशिवाय. भिंतीवर कागद, खांद्याच्या उंचीला, त्यावर काळा ठिपका. डोळ्यापासून भिंत पाच मीटर असेल तर ठिपका १५ मिलिमीटरचा, तीन मीटर असेल तर ९ चा, म्हणजे रिंगमध्ये तो रेंजवर दिसतो तेवढाच दिसेल. रोज वीस मिनिटे पुरे. एक धोका आहे: स्प्रिंगची रायफल रिकामी चालवायची नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टन जोरात आपटतो आणि सील जाते. हवेच्या सिलिंडरच्या मॅच रायफलला रिकाम्या सरावाची सोय असते, तुमच्याकडे ती नसेल तर फक्त उचलणे, गाल बसवणे, नेम धरणे आणि खाली ठेवणे, एवढेच करा. ट्रिगरला हात नाही. नळी मोकळी आहे हे तुम्ही स्वतः बघायचे, मुलीवर सोपवायचे नाही, आणि भिंतीच्या बाजूचे दार आतून बंद. रेंजवरून आल्यावर खाण्याआधी साबणाने हात, कारण छर्रे शिशाचे असतात. छर्रे तोंडात धरून भरायची काही मुलांची सवय दिसली की मी सरळ घरी पाठवते.

सरावाच्या वहीबद्दल दोन शब्द. गुण लिहू नका असे नाही, पण त्याआधी उजेड कसा होता, आयरिस किती, कोणती रिंग, कोणता छर्रा आणि 'म्हटले तसे गेले' असे किती शॉट, हे लिहायला लावा. शेवटचा आकडा वाढत गेला की गुण मागून येतात.

राहिली जिल्हा स्पर्धा. तीन आठवड्यांवर असेल तर आत्ता पीप बसवू नका. शालेय स्पर्धेत ओपन आणि पीप हे वेगळे प्रकार आहेत. पीपमध्ये ती वर्षभर पीपवर खेळणाऱ्या मुलींसमोर तीन आठवड्यांची तयारी घेऊन उभी राहील. ओपनलाच खेळू दे, पिशवीची चाचणी या रविवारी घ्या, आणि तीन आठवडे फक्त शॉट सांगण्याचा सराव. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी ते दोन कागद पुन्हा काढून बघा.